एका नगराचा मृत्युलेख

मनुष्य गेला म्हणजे त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहावेत आणि उणे असेल ते गिळून टाकावे, ही मृत्युलेखाची रीत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. ती वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी सुतक आहे त्याच्या दारात उभे राहून हिशेब मांडणे हे सभ्य माणसाचे काम नव्हे. परंतु मृत्युलेख जेव्हा एखाद्या व्यक्तीचा नसून अख्ख्या नगराचा असतो, तेव्हाही हाच संकेत चालावा काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माणूस गेला तो गेला; नगर मात्र मेले असे लेखक लिहीत असतो, त्याच घटकेला त्या नगरातली लाखो माणसे त्याच राखेत तीन दगडांच्या चुली मांडून बसलेली असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते की, तुमचे गाव मेले काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा करणारे पुस्तक आकाराने अगदी लहान आहे. विल आयर्विन या अमेरिकन वृत्तपत्रकाराचा 'दि सिटी दॅट वॉज' हा लेख न्यूयॉर्कच्या 'सन' या दैनिकात २१ एप्रिल १९०६ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ह्यूब्श या प्रकाशकाने तो पुस्तकरूपाने काढला. या नावाचे मराठी 'जे होते ते नगर' असे काहीसे करता येईल. पण इंग्रजीत सगळा शोक शेवटच्या एका क्रियापदावर येऊन थांबतो, तसा तो मराठीत थांबत नाही. 'होते' हा आपला शब्द मध्येच अडकून पडतो. असो.

ते नगर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी त्यास भूकंपाचा धक्का बसला. धक्का मिनिटभराचा, पण त्याने जमिनीखालचे पाण्याचे नळ फोडले, आणि ठिकठिकाणी लागलेल्या आगी विझविण्यास पाणी उरले नाही. आग अडवावी म्हणून सुरुंगाने घरांच्या रांगा उडविण्यात आल्या. त्या सुरुंगांनीही काही नव्या आगी लावल्या. तीन दिवस शहर जळत राहिले. सुमारे २८,००० इमारती गेल्या, आणि चार लाखांच्या वस्तीपैकी निम्म्याहून अधिक माणसे बागांतून व टेकड्यांवरून उघड्यावर आली. म्हणजे आयर्विनचा लेख छापून आला तेव्हा आग नुकती कोठे विझत होती.

लेखक त्या वेळी तेथे नव्हता. ही गोष्ट प्रथमपासून ध्यानात ठेवली पाहिजे, कारण या लेखाचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातून निघाले आहेत. आयर्विन सॅन फ्रान्सिस्कोत वृत्तपत्राच्या धंद्यात काही वर्षे राबला, १९०४ साली न्यूयॉर्कला 'सन'मध्ये गेला, आणि दोन वर्षांनी तीन हजार मैलांवरून आपले जुने गाव जळत असल्याच्या तारा त्याच्या टेबलावर येऊ लागल्या. तारा तुटक होत्या. कोणत्या रस्त्यापर्यंत आग आली, कोणती टेकडी वाचली, एवढेच त्यांत असे. मधला सगळा तपशील, म्हणजे त्या रस्त्यावर काय होते आणि त्या टेकडीवरून काय दिसे, तो आयर्विनने आपल्या स्मरणातून भरला. पहिला आठवडाभर तो असाच रकान्यांमागून रकाने लिहीत बसला होता. त्यातल्याच एका बैठकीचे फळ म्हणजे हा लेख. नकाशा जळत चालला आहे आणि आठवण त्याच्या पुढे धावते आहे, अशी ती स्थिती होती. फुरसतीने लिहिलेल्या आठवणींस जो एक गुळगुळीतपणा येतो, तो येथे यावयास वेळच मिळाला नाही.

आणि म्हणून लेखाचा मधला भाग अत्यंत चांगला उतरला आहे. पॅसिफिक महासागरावरून आत येणारे धुके, त्याने राखी झालेला प्रकाश, पावसावाऱ्याने रंग उडालेली लाकडी घरे, टेकड्यांवर सरळ उभे चढलेले रस्ते, इटालियन कोळ्यांच्या नावांची तपकिरी तिरकी शिडे, या साऱ्यांचे वर्णन त्याने केले आहे. आणि ते वाचताना, ज्याने ते शहर कधी पाहिले नाही अशा वाचकासही तेथे कोट घालून फिरावे असे वाटते. पण आमच्या मते सगळ्या लेखाचा कळस एका खानावळीत आहे.

कॅलिफोर्निया स्ट्रीटवर, सेंट मेरीच्या जुन्या चर्चला लागून, सोन्याच्या भरभराटीच्या काळातले एक मोडकळीस आलेले मोठे घर होते. त्यात लुई नावाचा एक फ्रेंच गृहस्थ खानावळ चालवी. गिऱ्हाइके म्हणजे गरिबीतले फ्रेंच लोक आणि थोड्या पगाराचे तरुण कारकून व बातमीदार. आयर्विन आपणांस त्या पंगतीत बसवितो आणि एकेक पदार्थ येऊ देतो. आधी दाट सूप; मग लुईच्या तीन गुटगुटीत मुलांपैकी एक जण मासळी घेऊन येई; मग मांसाचा अख्खा तुकडा आणि भाज्यांची दोन मोठी पात्रे टेबलाच्या मधोमध ठेवली जात, आणि जो तो पाळीपाळीने सुरी हाती घेऊन आपापल्या भुकेप्रमाणे कापून घेई. त्यानंतर स्वतः लुई मोठ्या थाटाने आपल्या हाताने कालविलेली कोशिंबीर आणी. प्रत्येकाच्या ताटाशी पाणी घातलेल्या तांबड्या द्राक्षासवाचा एक उभा पेला. शेवटी फळे, खावतील तेवढी. आणि हे सगळे सांगून झाल्यावर, परिच्छेदाच्या अगदी शेवटी, दडवून ठेवलेली किंमत: पंधरा सेंट!

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी राहून ज्यांनी खानावळीत दिवस काढले आहेत, त्यांस या परिच्छेदाची गोडी निराळी समजावून द्यावयास नको. परंतु आमचा मुद्दा गोडीचा नाही. या वर्णनात शोकाचा एकही शब्द नाही. हाय नाही, अश्रू नाहीत. चौकस बातमीदार जसा ताटातल्या वस्तू मोजून सांगतो तसे आयर्विनने सांगितले आहे. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ते घर आता जळाले आहे आणि तो लुई व त्याची तीन मुले आज रात्री कोठे असतील, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. गेलेल्या वस्तूचे मोल तिच्या तपशिलातच सापडते. 'किती सुंदर होते हो!' असे शंभर वेळा म्हटल्याने जे साधत नाही ते पंधरा सेंटांनी साधले आहे.

दुर्दैवाने लेखाची कीर्ती झाली ती या भागामुळे नव्हे. ती झाली आरंभामुळे; आणि तो आरंभ आम्हांस फसवा वाटतो. जुने सॅन फ्रान्सिस्को मेले, असे आयर्विन पहिल्याच वाक्यात जाहीर करतो. पुढे तो नगरास एका देखण्या, हौशी, थिल्लर स्त्रीची उपमा देतो: तिच्यावर मोठे संकट कोसळले, ती जगली खरी, पण गंभीर झाली, पूर्वीची राहिली नाही. शहर पुन्हा उभे राहील, बहुधा राहीलच. पण अरबी कथांतली ती चव आता परत येणार नाही, असे त्याचे म्हणणे. उपमा चटकदार आहे यात वाद नाही. पण तीतून निघणारा अर्थ असा होतो की, शहराचे जीवित म्हणजे पाहुण्याला वाटणारी त्याची मजा. मजा सरली की शहर सरले.

आता आयर्विनचे वय पाहा. लेख लिहिताना तो बत्तीस वर्षांचा होता. सॅन फ्रान्सिस्कोत त्याने घालविली ती विशी-पंचविशी ओलांडताना माणसाची जी काही थोडी वर्षे असतात ती. खिशात पैसा कमी, भूक मोठी, मित्र पुष्कळ. ती वर्षे भूकंप झाला नसता तरी परत येणार नव्हतीच. सोडून आलेल्या गावाविषयी आपण सर्वच जण जे बोलतो त्यात गावाचा वाटा किती आणि आपल्या गेलेल्या तारुण्याचा किती, हे निवडून काढणे कठीण असते. आयर्विनने ते निवडण्याचा यत्नच केलेला नाही. आपत्तीने त्याचे काम सोपे केले. जे काळाने नेले होते तेही त्याने आगीच्या खात्यावर लिहिले.

याच भूकंपावर विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाचा एक छोटा निबंध आहे. तो आयर्विनच्या लेखाशेजारी ठेवून वाचावा अशी आमची वाचकांस शिफारस आहे. जेम्स त्या वसंतात जवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहुणा अध्यापक होता. धक्का बसला तेव्हा तो बिछान्यात होता. त्याला भीतीऐवजी एक प्रकारचे कौतुकच वाटले, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याच दिवशी तो आगगाडीने जळत्या शहरात जाऊन आला, आणि पुढे जूनमध्ये त्याचे निरीक्षण 'दि यूथ्स कंपॅनियन' या पत्रात आले. त्याला दिसले ते असे: ज्यांची घरे गेली ते लोक रडत-ओरडत नव्हते, ते सामान हलवीत होते, एकमेकांना हात देत होते, रांगेत उभे होते. दुःख सगळ्यांचे असल्याने त्यास एकटेपणाची धार उरली नव्हती. व्याकूळ पत्रे आली ती दूर पूर्वेकडून, ज्यांच्या पायाखालची जमीन मुळीच हलली नव्हती अशा आप्तमित्रांकडून. मनाची ही कासाविशी बहुधा अंतरामुळे उपजते, असा जेम्सचा निष्कर्ष आहे.

जॅक लंडन या कादंबरीकाराचा अनुभव याला दुजोरा देतो. तो याच शहरात १८७६ साली जन्मलेला. भूकंपाच्या दिवशी तो सोनोमा भागातल्या आपल्या राहत्या ठिकाणाहून पत्नीसह तेथे पोहोचला आणि रात्रभर जळत्या रस्त्यांतून हिंडला. 'कॉलियर्स' साप्ताहिकात ५ मे रोजी आलेल्या त्याच्या वृत्तांतात ट्रंका ओढीत टेकड्या चढणारी, आग जवळ आली की पुन्हा थोडे पुढे सरकणारी माणसे आहेत. आणि त्या सगळ्या रात्रीत आपणांस आरडाओरडा ऐकू आला नाही, हे तो आश्चर्याने नमूद करतो. तोही शहर गेले असेच म्हणतो, पण त्याच्या लिहिण्यात गेलेल्या शहराची माणसे चालताना दिसतात. आयर्विनच्या लेखात शहर दिसते, आणि माणसे टेबलाशी बसलेली.

यावर कोणी म्हणेल की, दूर असलेल्याचे दुःख खोटे ठरविण्याचा तुम्हांस काय अधिकार? आम्ही ते खोटे ठरवीत नाही. दूर असलेल्याला हातांना काम नसते. तो बादली उचलू शकत नाही, कोणाला पाणी देऊ शकत नाही. आठवणे एवढीच त्याची सेवा. शिवाय गावात राहिलेले लोक नवी भिंत बांधण्याच्या गडबडीत जुनी कोठे होती हे विसरून जातात, आणि मग त्यांच्याच मुलाबाळांस ते सांगावयास कोणी परदेशी गेलेला मनुष्य लागतो. आयर्विनने ते काम केले. पण जो आठवणींचा राखणदार होऊ पाहतो त्याने निवडलेल्या वस्तूंची यादी तपासून पाहणे हे टीकाकाराचे कर्तव्य आहे, आणि ही यादी तपासली म्हणजे एक मोठी उणीव नजरेस येते. ती उणीव लुईच्या खानावळीच्या अगदी मागच्या खिडकीतच आहे.

आयर्विन स्वतःच सांगतो की, त्या खिडकीतून बिस्किट फेकले तर ते चिनी वस्तीत पडावे! ही चिनी वस्ती त्याच्या लेखातही आहे. परंतु ती आहे चित्रकाराच्या नजरेने पाहिलेली. दुकानांची दारे, मासळीबाजाराची गल्ली, सोनेरी सज्जे, दिवे, रंगांच्या जुळण्या. जुन्या फ्लेमिश चित्रांची आठवण यावी अशी दृश्ये. लुईची मुले किती हे आपणांस कळते. या वस्तीतल्या एखाद्या बापाला किती मुले होती, किंवा १८८२ च्या चिनी-प्रतिबंधक कायद्यामुळे कितीकांस बायकामुले आणताच येत नव्हती, याचा मात्र पत्ता लागत नाही. ज्या लेखणीने पंधरा सेंटांचा हिशेब विसरला नाही तिने हे विसरावे, याचे आम्हांस वाईट वाटते. अज्ञान हे कारण नव्हते. आयर्विन पुढे १९११ साली अमेरिकन वृत्तपत्रांच्या दोषांवर परखड लेखमाला लिहिणारा मनुष्य होता. बातमीत काय गाळले जाते आणि का, हे त्याच्याइतके थोड्यांना ठाऊक असेल.

चिनी वस्तीची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगावी लागेल, कारण स्मरणाने काय काय घडू शकते ते तीत दिसते. आर्नोल्ड गेंथे या छायाचित्रकाराने भूकंपापूर्वीच्या त्या वस्तीची शेकडो चित्रे घेतली होती. त्याचे स्वतःचे चित्रगृह आगीत गेले. ही चित्रे वाचली, कारण आयर्विनच्या सल्ल्याने ती त्याने आधीच दुसरीकडे सुरक्षित ठेवली होती, असे गेंथेने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आयर्विनचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यातली निवडक चित्रे १९०८ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि सोबतचा मजकूर आयर्विननेच लिहिला. पुढे १९८४ साली जॉन कुओ वेई चेन या इतिहासकाराने मूळ चित्रे ताडून पाहिली, तेव्हा आढळले ते असे की, गेंथेने कित्येक चित्रांतून इंग्रजी पाट्या, तारांचे खांब आणि गोरी माणसे खोडून किंवा कापून टाकली होती. वस्ती अधिक परकी, अधिक जुनी, अधिक स्वप्नासारखी दिसावी म्हणून! म्हणजे आगीने जे नेले नव्हते तेही आठवण सजविणाऱ्याने नेले. जी माणसे त्याच शहरात, त्याच तारांखाली, इंग्रजी पाट्यांच्या दुकानांत पोट भरीत होती, ती चित्रातून कोठल्यातरी दूर देशी जाऊन बसली.

आणि जुने नगर मेले, असे न्यूयॉर्कमध्ये लिहिले गेल्यानंतर इकडे काय चालले होते? नगरातले कित्येक पुढारी या संधीचा फायदा घेऊन चिनी लोकांस मध्यवस्तीतून हलवून दूर हंटर्स पॉइंटच्या बाजूस घालविण्याचा बेत करीत होते. जळालेली जागा मोक्याची होती. तो बेत फसला. चिनी सरकारच्या वकिलांनी आपली कचेरी मूळ जागीच बांधणार असे बजावले, व्यापार जाईल ही भीती पडली, आणि तेथल्या गोऱ्या घरमालकांनाही चिनी भाडेकरू हवेच होते. शिवाय नगरभवनातले जन्माचे दाखले आगीत नष्ट झाले, तेव्हा कित्येक चिनी लोकांनी आपण याच गावी जन्मलो असा दावा लावला. तो खोडून काढण्यास कागद उरला नव्हता. त्या आधारावर पुढे किती 'कागदी पुत्र' समुद्र ओलांडून आले! आगीने एका माणसाचे गाव नेले आणि दुसऱ्याला ते प्रथमच कायद्याने दिले, असा हा विलक्षण प्रकार आहे. मृत्युलेखाच्या चौकटीत तो बसत नाही.

मृतांच्या संख्येचेही असेच. सरकारी आकडे त्या वेळी पाचशेच्या आसपास होते. नगराच्या ग्रंथपाल ग्लॅडिस हॅन्सेन यांनी १९६० नंतर नावांमागून नावे गोळा केली, आणि १९८९ साली सहलेखकासह काढलेल्या ग्रंथात ती संख्या तीन हजारांवर असावी असे दाखवून दिले. आपत्तीनंतर व्यापारी मंडळींस भूकंपापेक्षा 'आग' हा शब्द अधिक सोयीचा होता; आग कोणत्याही शहरास लागते, आणि आगीचा विमा मिळतो. नगरासाठी एवढा शोक झाला आणि नगरवासी मोजले गेले नाहीत. याचा दोष आयर्विनकडे जात नाही. तीन दिवसांत कोण मोजणार? पण त्याच्या लेखावर ज्यांनी इतकी वर्षे अश्रू ढाळले त्यांस ही मोजणी अपुरी असल्याचे सुचले नाही, हे नोंदविल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

लुक टिन एली नावाचा एक चिनी व्यापारी होता. कॅलिफोर्नियातच जन्मलेला. बालपणी चीनला जाऊन चौदाव्या वर्षी, १८८४ साली, तो परत आला तेव्हा त्याला बंदरात अडविण्यात आले, आणि जन्माने तो या देशाचा नागरिक आहे हे न्यायालयास सांगावे लागले. त्याचेही सॅन फ्रान्सिस्को १९०६ साली जळाले. त्याने मृत्युलेख लिहिला नाही. त्याने पैसा उभा केला आणि गोऱ्या शिल्पकारांकडून वळणदार छपरांच्या व मनोऱ्यांच्या इमारती बांधविल्या. भूकंपापूर्वीच्या वस्तीतली बहुतेक घरे साधी इटालियन धाटणीची होती. गोऱ्या पाहुण्यांस जी पूर्वेकडची स्वप्ननगरी आठवत होती, ती तेथे नव्हती तेवढी त्याने आता विटांनी उभी केली, म्हणजे त्यांनी ती पाहावयास यावे, पैसे खर्च करावेत, आणि वस्ती हलविण्याची भाषा पुन्हा करू नये. आयर्विन-गेंथे यांच्या स्मरणचित्रांवरील याहून मार्मिक टीका आमच्या वाचनात नाही.

सेंट मेरीचे चर्च आतून जळून गेले होते, पण भिंती टिकल्या. १९०९ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले, आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या त्या कोपऱ्यावर आजही उभे आहे. त्याच्यासमोर, त्याच चौकात, लुक टिन एलीच्या काळचे ते दोन मनोरे आहेत. मधल्या उतारावरून केबल-ट्राम जाते. लुईची खानावळ चर्चच्या शेजारी होती.